खर्जाचा खर्च

समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या एका शाळेत आठवीत शिकत आहात. संगीताच्या खोलीत, कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक तंबोरा आहे. स्नेहसंमेलन दोन महिन्यांवर आले म्हणून बाईंनी तो खाली काढला, धूळ झटकली आणि तारांवरून बोट फिरवले. पहिल्या तीन तारा कशाबशा बोलल्या. चौथी, खर्जाची जाड पितळी तार मात्र रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तशी 'ठप्' करून गप्प बसली.

लगेच तीन सल्ले मिळाले. शिपाईमामा म्हणाले, "बाई, तार जुनी झालीय. नवी घाला, दहा मिनिटांचं काम." तबल्याचे सर म्हणाले, "तारेचं काही नाही. जवारी गेली आहे. मिरजेला न्यावा लागेल." कार्यालयातून निरोप आला, की जुन्या लाकडावर पैसे घालू नयेत.

शाळेकडे पैसे थोडे आहेत. एका सल्ल्याला किरकोळ खर्च येईल, दुसऱ्याला बराच, आणि तिसरा ऐकला तर तंबोराच जाईल. मग कोणाचे ऐकायचे? गंमत अशी, की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीच्या धड्यात आहे. आणि हा प्रश्न एकट्या तंबोऱ्याचा नाही. गणपतीत गावात ऑर्केस्ट्रा येतो, तेव्हा मागच्या बाजूला एक जण लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असतो. ती बेस गिटार. तिचे कामही खर्ज धरण्याचेच आणि तिची दुखणीही बरीचशी तीच. आपण तंबोऱ्यापासून सुरुवात करू आणि मध्ये तिलाही भेटू.

खर्जाची तार जाड का?

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि एक मीटर तारेचे वजन. फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मोपदेशकाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नियम मांडले. लांबी दुप्पट केली की कंपनसंख्या निम्मी होते. ताणाचे मात्र तसे नाही. कंपनसंख्या दुप्पट करायची तर ताण चौपट करावा लागतो. तसेच वजनाचे: ताण आणि लांबी तीच ठेवून कंपनसंख्या निम्मी करायची तर तार चौपट वजनाची हवी, म्हणजे साधारण दुप्पट जाडीची.

यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. मासे पकडण्याचा नायलॉनचा दोरा घ्या. एक टोक टेबलाच्या पायाला बांधा, दोरा टेबलावर दोन पेन्सिलींवरून न्या आणि दुसऱ्या टोकाला काठाखाली बादली लोंबकळत ठेवा. बादली आणि पाणी मिळून २ किलो भरेल इतके पाणी घाला, दोरा छेडा आणि स्वर ध्यानात ठेवा. मग वजन ८ किलो होईपर्यंत पाणी ओता. पेन्सिली मात्र हलवू नका. आता येणारा स्वर पहिल्याच्या वरचा सा असेल. दोरा तुटू शकतो, म्हणून तोंड दूर ठेवा आणि बादलीखाली पाय नको.

आता तंबोऱ्याचा हिशोब मांडू. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एक या पट्टीत लावला, तर मधल्या जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, सुमारे ६९ वेळा. चारही तारांची लांबी एकच. जोडीची पोलादी तार ०.३५ मिलिमीटर जाड असेल, तर खर्जाची तार त्याच्या दुप्पट, ०.७ मिलिमीटरच्या आसपास हवी. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ९५ सेंटिमीटर अंतर धरले, तर प्रत्येक तारेवर ५ ते ६ किलोचा ताण येतो. चारींचा मिळून २० किलोंच्या वर. म्हणजे तुमच्या शाळेतील तंबोऱ्यावर इतकी वर्षे एक सिमेंटचे अर्धे पोते टांगलेले आहे, असे समजा!

खर्जाला पितळ आणि जोडीला पोलाद असे का, हाही प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. जाड पोलादी तार ताठ असते. ती दोरीसारखी न वागता थोडी सळईसारखी वागू लागते आणि तिचे उपस्वर बेसूर होतात. पितळ पोलादाहून लवचीक, म्हणून जाड असूनही ते गोड बोलते. मग जोडीलाही पितळ का नको? कारण ते तुटेल. आणि इथे एक मोठी मजा आहे. ठरावीक लांबीच्या तारेला तुम्ही किती उंच स्वरापर्यंत चढवू शकता, हे तिच्या जाडीवर मुळीच अवलंबून नसते! जाड तार अधिक ताण सोसते हे खरे, पण तोच स्वर काढण्यासाठी तिला ताणही तितकाच अधिक लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. उरतो तो फक्त धातूचा चिवटपणा आणि त्याची घनता. पितळी तार जोडीच्या स्वरापर्यंत पिळली, तर ती तुटण्याच्या बेतात येते. तार तुटली म्हणून 'आता जरा जाड द्या' असे दुकानदाराला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हा हिशोब दाखवा.

बेस गिटारची अडचण याच्याही पुढची. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला फक्त ४१ वेळा कंप पावते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही निम्म्याने. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली जी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, तिच्या तारांची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर ठेवली होती. आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात. एवढ्या लांबीत ४१ कंपने हवी असतील, तर एक मीटर तारेचे वजन सुमारे ३५ ग्रॅम असावे लागते. साध्या गिटारच्या सर्वांत बारीक तारेचे ते अर्धा ग्रॅमही नसते. पण ३५ ग्रॅमची एकसंध तार म्हणजे चक्क सळईच. तिला खुंटीवर गुंडाळणार कसे? म्हणून आत एक बारीक पोलादी तार ठेवून तिच्यावर दुसरी तार घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा टिकतो. अशी तार बनवायला धातूही जास्त आणि कामही जास्त. बेसच्या चार तारा साध्या गिटारच्या सहा तारांपेक्षा महाग का, हे आता कोणी वेगळे सांगायला नको.

याच वेढ्यांमध्ये बोटांचा घाम आणि मळ साचतो. तार जड आणि सुस्त होते, तिचे वरचे उपस्वर मरतात आणि आवाज थपथपीत येतो. काटकसरी बेसवाले अशा तारा काढून दहा मिनिटे पाण्यात उकळतात, पुसून कोरड्या करतात आणि पुन्हा चढवतात. काही दिवस त्या नव्यासारख्या बोलतात. उपाय तात्पुरता असला, तरी त्याचा खर्च एका पातेल्याचा. (पातेले आईला विचारून घ्यावे.)

जवारी म्हणजे काय?

आता तबल्याच्या सरांच्या म्हणण्याकडे वळू. तंबोऱ्याची घोडी नीट पाहा. गिटार किंवा व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते आणि तार तिला एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. किंचित, अगदी किंचित उताराचा असतो. तार त्या उतारावर पसरून टेकते. ती कंप पावू लागली की टेकण्याची जागा पुढे-मागे सरकते. जणू तार घोडीवर क्षणाक्षणाला गुंडाळली जाते आणि उलगडते. या सततच्या स्पर्शाने मूळ स्वराची शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते आणि एका तारेतून अनेक स्वरांची झिलई उमटते. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवलेला असतो. तो जागेवर आला की ही झिलई एकदम खुलते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांना या गोष्टीचे मोठे कौतुक वाटले. ते तेव्हा कलकत्त्याला होते. प्रकाशावरील ज्या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या आधीची ही गोष्ट. थॉमस यंग यांचा एक जुना नियम होता: तार ज्या बिंदूत छेडाल, तो ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर उमटत नाही. निस्पंद म्हणजे कंपनात स्थिर राहणारा बिंदू. तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट कंपनसंख्येचा स्वर ऐकू येऊ नये. कारण त्याचा निस्पंद तिथेच आहे. रामन यांनी तंबोरा आणि वीणा घेऊन पाहिले, तर तो स्वर खणखणीत ऐकू येत होता! नियम चुकीचा नव्हता. तो धारदार घोडीसाठी होता, आणि आपल्या कारागिरांनी घोडीच निराळी केली होती. रामन यांनी हे १९२१ साली लिहून प्रसिद्ध केले.

रामन यांच्या या प्रयोगाचा उपयोग आपण तंबोऱ्याची नाडी पाहण्यासाठी करू. तारेचा बरोबर मध्य मोजून काढा. तिथेच तार छेडा, क्षणभर थांबा आणि त्याच बिंदूला बोट अलगद टेकवा. मूळ स्वर थांबेल. जवारी चांगली असेल, तर वरचा सा मागे गुंजत राहील. जवारी गेली असेल, तर तारेबरोबर सगळेच शांत होईल. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

पण घाईने निकाल देऊ नका. आधी घोडीवरचा दोरा पाहा. वर्षानुवर्षे चादरीत पडलेल्या तंबोऱ्याचा दोरा बहुधा गळून पडलेला असतो आणि दोऱ्याशिवाय उत्तम घोडीही मुकी राहते. साधा सुती दोरा तारेखाली घाला आणि केसाकेसाने सरकवत ऐका. एवढ्याने काम झाले, तर शाळेचा खर्च दोऱ्याच्या रिळापुरता. नाही झाले, तर तार बदला. जुन्या तारेवर गंज असतो, घोडीवर टेकणाऱ्या जागी ती चपटी झालेली असते आणि अशी तार सारखी कंप पावत नाही. खुंटी घसरत असेल, तर ती काढून तिला खडूची पूड चोळा. शाळेत खडूंना काय तोटा! इथपर्यंत शिपाईमामांचे म्हणणे खरे ठरू शकते. एवढे करूनही मध्यावरच्या तपासणीला तार गप्प राहिली, तर मात्र सर जिंकले.

कानशीचा एक फटका

जवारी जाते कशी? पोलाद आणि पितळ घोडीवर सतत घासते. हाडाची, शिंगाची किंवा आजकाल कृत्रिम द्रव्याची असलेली घोडी हळूहळू झिजते आणि प्रत्येक तारेखाली एक बारीक चर पडतो. तार त्या चरात फसते, उतार संपतो. ती पुन्हा उताराची करायची, तर घोडीचा माथा कानशीने आणि मग बारीक पॉलिश कागदाने घासावा लागतो. कारागीर दोन-तीन फटके मारतो, घोडी बसवतो, तार चढवतो, दोरा सरकवतो, ऐकतो. मान हलवतो. पुन्हा तार उतरवतो. असे किती वेळा? जोडीला जो उतार लागतो तो खर्जाला चालत नाही, कारण जाड तारेचा झोका मोठा असतो. चारही तारा एकसारख्या बोलेपर्यंत हे चालते.

आणि लक्षात घ्या, घासलेले हाड परत चिकटवता येत नाही. एक फटका जास्त पडला की तिथून सगळा माथाच खाली आणावा लागतो. दोरा मागे सरकवता येतो, तार दुसरी घेता येते, खुंटीची खडूपूड पुसता येते. म्हणून ती कामे तुम्ही-आम्ही करावीत. जिथे चूक मागे घेता येत नाही, तिथे ज्याचा कान आणि हात तयार आहे त्याचे काम. जवारी काढायला सामान जवळजवळ काहीच लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो तयार व्हायला गेलेली कारागिराची वर्षे. 'नुसतं घासायचे एवढे पैसे?' असे म्हणणाऱ्याने एकदा कानस हातात घेऊन पाहावी. (शाळेच्या तंबोऱ्यावर मात्र नको.)

बेस गिटारमध्येही हीच विभागणी दिसते. तिच्या चार तारांचा ताण मिळून ८० किलोंच्या आसपास भरतो, तंबोऱ्याच्या जवळजवळ चौपट. एवढ्या ओढीने लाकडी दांडी धनुष्यासारखी वाकेल, म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते. टोकाचा स्क्रू पिळला की सळई दांडीला उलट बाजूने ताणते. ऋतू बदलला की हा स्क्रू पाव फेरा फिरवावा लागतो. पाव फेरा! जोर लावून पूर्ण फेरा देणाऱ्याची सळई तुटते आणि मग दांडी बदलण्याचा खर्च येतो. तारांची उंची आणि घोडीची जागा लावणे हे मात्र स्क्रूचे काम आहे. चुकले तर उलटे फिरवता येते. घोडी जागेवर आहे की नाही हे तपासायला बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून छेडा, मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. दाबलेला स्वर चढा येत असेल, तर घोडी मागे सरकवा, म्हणजे तारेची लांबी वाढेल. हे घरी जमते. झिजलेले पडदे काढून नवे बसवणे मात्र जवारीच्या जातीचे काम आहे.

आता कार्यालयाच्या निरोपाचे काय? जुने लाकूड खरेच टाकून द्यावे का? बीड जिल्ह्याची हवा वाद्यांना सोपी नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क होते, मग पावसाळ्यात दमट. लाकूड ओल शोषते तेव्हा रेषांना आडवे फुगते, सुकते तेव्हा आकसते. भोपळा मात्र त्याच प्रमाणात फुगत-आकसत नाही. मग जिथे भोपळा आणि लाकूड जुळतात, तिथे फट पडते. ती दिसली की लोक म्हणतात, वाद्य मेले. तसे नसते. जुने कारागीर सांधे सरसाने जोडत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, आणि सांधा इजा न होता उघडून पुन्हा जोडता येतो. म्हणून फट पाहून घरातला झटपट चिकटवणारा डिंक त्यात ओतू नका. तो पुन्हा सुटत नाही आणि कारागिराला सांधा फोडावा लागतो. अशी घरगुती दुरुस्ती पुढे सर्वांत महाग पडते.

भोपळाच फुटला तर मात्र खर्च मोठा. तो कारखान्यात होत नाही, शेतात होतो. मिरजेच्या कारागिरांकडे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने भोपळे येतात. ते खाण्याच्या उपयोगाचे नसतात. एवढ्या आकाराचे, जाड सालीचे फळ वाढायचे, वेलीवर पिकायचे, महिनोन्‌महिने वाळायचे आणि त्यातून न तडकलेले निवडायचे. मिरजेत हा उद्योग १९व्या शतकात रुजला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर, त्यांत फरीदसाहेबांचे नाव पहिले घेतात, हत्यारांची मागणी घटल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. पुढे त्यांचे आडनावच सितारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

बीड जिल्ह्यातून मिरजेला जायचे तर परळी वैजनाथहून लोहमार्ग आहे. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असा तो मिरजेपर्यंत जातो. म्हणजे भोपळ्याच्या मुलखातूनच तुमचा तंबोरा माहेरी निघतो! पण प्रवासालाही खर्च आहे, तो हिशोबात धरू. रुपयांचे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून आपण दिवसांत मोजू. समजा, जाण्यायेण्यात एका माणसाचे २ दिवस गेले आणि एका तंबोऱ्याच्या जवारीला अर्धा दिवस लागला. एका वाद्याला खर्च पडला अडीच दिवसांचा, आणि त्यातला बहुतेक प्रवासाचा. आता गावातील भजनी मंडळाची आणि सप्ताहातली वीणाही त्याच माणसाबरोबर गेली. सप्ताहात ही वीणा सात दिवस-रात्र गळ्यातून खाली ठेवत नाहीत, तेव्हा तिची घोडी किती झिजत असेल याचा विचार करा. तीन वाद्ये झाली, तर २ दिवस प्रवास आणि दीड दिवस काम, मिळून साडेतीन. वाद्यामागे सव्वा दिवसही नाही. खर्च निम्म्याहून खाली आला, आणि कारागिराच्या मजुरीतला एक पैसाही आपण कापला नाही. प्रवास करणाऱ्याला एकट्याला तीन भोपळे सांभाळता येतील का, हे मात्र निघण्यापूर्वी त्यालाच विचारा.

निघण्यापूर्वी तारा सैल करा, म्हणजे धक्का बसला तर त्यात २० किलोंच्या ओढीची भर पडणार नाही. पण पूर्ण काढू नका, नाहीतर घोडी आणि मणी वाटेत हरवतील. भोपळ्याभोवती गोधडी, आणि भोपळा मांडीवर, फळीवर नाही.

सोबत एक चिठ्ठी द्या. जवारी एका ठरावीक ताणासाठी काढलेली असते. पट्टी बदलली, तारेची जाडी बदलली की तोच उतार तितका चांगला बोलत नाही. म्हणून चिठ्ठीत लिहा: शाळेत गाणारी मुले आहेत की मुली, पट्टी कोणती, पहिली तार पंचमाला लावता की मध्यमाला, खर्जाची तार किती जाडीची आहे, आणि तंबोरा उन्हाळ्यात कुठे ठेवलेला असतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'पत्र्याखालच्या कपाटावर' असे असेल, तर तो परत येईपर्यंत दुसरी जागा शोधून ठेवा.